वॉशर कुणी मागत नाही

उचाच्या दुकानात सगळं किलोवर मिळतं.
तो पत्र्याच्या परातीत मुठीमुठीनं बोल्ट ओततो
आणि मी मध्येच हात घालते:
थांब. आठच्यात सहाचे घुसलेत.
आणि हा बघ, हा तर कुठल्याच मापाचा नाही.
उचा हसतो. त्याच्या आजोबांनाही मी असंच छळलंय.
"मावशी, किलोमागे चार इकडचे तिकडचे चालायचेच."

चालायचे नाहीत.
एकतीस वर्षं मी चियातुरातली माणसं
तारेला टांगून दरीपलीकडे पाठवलीत,
खाणीत जाणारी, खाणीतून येणारी,
एकदा तर शवपेटीसुद्धा, आडवी मावेना म्हणून उभी.
"चालायचंच" हा शब्द माझ्या पान्यात बसत नाही.

शेवटी म्हणते, वॉशर दे. साधे अर्धा किलो, स्प्रिंगचे पाव.
"एवढे?"
एवढे.

घरी काचा लावलेली बाल्कनी, हाच माझा कारखाना.
मात्सोनीच्या रिकाम्या बरण्या, सत्तेचाळीस;
झाकणं फळीच्या पोटाला ठोकलेली,
बरणी खालून फिरवायची की लटकली.
बरणीलाही आटे असतात, हे वालिकोच्या लक्षात यायला
लग्नानंतर अकरा वर्षं लागली.
तोवर बिचारा झाकणं ओढून काढायचा.

मेणकापडावर ढीग ओतते.
सहा, आठ, दहा. डोळे नकोत, बोटांची पेरं पुरतात.
गंजलेले रॉकेलमध्ये टाकते, राजमा भिजत घालावा तसे,
आणि सकाळी पाणी काळं झालं का बघावं
तसं रॉकेल बघते.
उलट्या आट्याचे तीनच आहेत.
त्यांच्या बरणीवर चिठ्ठी: आधी विचार, मग फिरव.

शेजारीपाजारी येतात. कुणाची खुर्ची डुगडुगते,
कुणाची खिडकी.
नट मागतात, बोल्ट मागतात.
वॉशर कुणी मागत नाही.
मी न मागता देते,
तर दुसऱ्या दिवशी परत आणून देतात:
"लामारा, हे उरलं."

उरलं म्हणे.

वरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात,
एका बरणीत एकच वस्तू आहे.
वीज नव्हती त्या हिवाळ्यातली.
कोठारात ग्रीस नव्हतं, पगार नव्हता, वॉशर नव्हते.
मी पाच कोपेकच्या नाण्याला भोक पाडलं
आणि चार नंबरच्या डब्यावर, चाकाच्या बोल्टखाली बसवलं.
छान बसलं. मला माझंच कौतुक वाटलं.
एकोणीस दिवसांनी ते तडकलं.
डबा दरीवर थांबला. आत अकरा माणसं आणि एक हंस.
चार तास. खाली नदी, तिच्यात खाणीचा काळा गाळ.
सगळे सुखरूप उतरले. हंस सगळ्यात शेवटी, रागावून.
फोरमन म्हणाला, थंडीनं झालं.
मी मान डोलावली.
नाणं तोवर माझ्या खिशात होतं, दोन तुकडे.

आज खालच्या मजल्यावरची नेस्तान आली,
नऊ वर्षांची, सायकल जिन्यानं वर ओढत.
मडगार्ड खडखडतं.
मी सहाचा बोल्ट दिला, नट दिला,
दोन साधे वॉशर, एक स्प्रिंगचा,
आणि पाना तिच्याच हातात दिला.
"हा कापलेला का आहे?"
कापलेलाच असतो. दाबला की उलट ढकलतो,
म्हणून नट सैल पडत नाही.
तिनं जीभ दाताखाली धरून आवळला.
मग बोट वर करून विचारलं,
त्या बरणीत फुटके पैसे का?
म्हटलं, ते वॉशर आहे.
"पण ते तर पैसे आहेत."
हो, म्हटलं. तेच चुकलं.

ती उताराला लागली.
मी खिडकी उघडून कान देऊन उभी राहिले.
साखळीचा आवाज आला, तेल मागणारा.
मडगार्डचा नाही.